मदत हवी आहे : चार सिरियल पोर्टांच्या कार्डावरील चौथा पोर्ट लिनक्सवर चालत नाही

नमस्कार. आमच्या गावच्या सहकारी दूध संस्थेच्या संकलन केंद्रावरचा संगणक मी सांभाळतो. त्यात नव्याने बसवलेल्या कार्डाचे एक कोडे तीन आठवडे प्रयत्न करूनही सुटलेले नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

केंद्रावर चार यंत्रे संगणकाला जोडावी लागतात : वजनकाटा, फॅट मशीन, पावतीचा प्रिंटर आणि सभासदाच्या बाजूला तोंड करून ठेवलेला डिस्प्ले. ही चारही यंत्रे आरएस-२३२, म्हणजे नऊ पिनांच्या जुन्या सिरियल जोडणीवरच चालतात. पूर्वी आम्ही यूएसबीचे कन्व्हर्टर वापरत होतो, परंतु वीज जाऊन आली की त्यांचे क्रमांक आपापसांत बदलत आणि सॉफ्टवेअर काट्याच्या जागी फॅट मशीनचे आकडे वाचू लागे. सकाळच्या रांगेत पन्नास माणसे उभी असताना हे निस्तरणे फार अवघड जाते, म्हणून संस्थेने पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये बसणारे चार पोर्टांचे कार्ड घेतले.

संगणकावर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली आहे. मदरबोर्डवर एक सिरियल पोर्ट आहे, पण त्याच्या फक्त पिना आहेत, मागच्या बाजूला सॉकेट काढलेले नाही. कार्ड बसवल्यावर एलएसपीसीआय या आज्ञेच्या यादीत ते सिरियल कंट्रोलर म्हणून दिसते आणि 'वापरात असलेला ड्रायव्हर' या ओळीत 'सिरियल' असे नाव येते. पहिले तीन पोर्ट टीटीवायएस १, २ आणि ३ या नावांनी उत्तम चालतात. चौथ्या पोर्टाला मात्र नावच मिळत नाही. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, संदेशांच्या नोंदीत) त्या जागी 'सिरियल पोर्टची नोंदणी करता आली नाही, त्रुटी उणे २८' अशा अर्थाची ओळ येते.

आतापर्यंत केलेले प्रयत्न सांगतो, म्हणजे कोणाला तेच पुन्हा सुचवावे लागणार नाही. डिस्प्लेची केबल पहिल्या पोर्टला लावून पाहिली, तेव्हा डिस्प्ले व्यवस्थित चालला, म्हणजे केबल आणि डिस्प्ले दोन्ही निर्दोष आहेत. कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवून पाहिले, तरीही चौथाच पोर्ट अडला. वापरकर्त्याचे नाव 'डायलआउट' या, सिरियल पोर्ट वापरण्याची परवानगी असलेल्या गटात घातलेले आहे. उणे २८ या क्रमांकाचा अर्थ 'जागा शिल्लक नाही' असा असल्याचे वाचल्यावर डिस्क तपासली, तर ती निम्म्याहून अधिक रिकामी आहे. कार्डासोबत मिळालेल्या सीडीवर लिनक्सच्या ड्रायव्हरचा सोर्स कोड आहे, परंतु तो कर्नल २.६ च्या काळातला असल्याने आताच्या ६.१ कर्नलवर कंपाइल होत नाही.

सध्या डिस्प्लेवाचून काम चालू आहे, आणि ते मला मनापासून खटकते. काल एक आजी किटली रिकामी करून झाल्यावर काउंटरवर वाकून, डोळे बारीक करून माझ्या स्क्रीनवरचा फॅटचा आकडा शोधत होत्या. दुधाचा दर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले इतर घन पदार्थ) यांवर ठरतो. तो आकडा पावती हाती पडण्यापूर्वी, मोजणी चालू असतानाच सभासदाला दिसला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. जुना ड्रायव्हर दुरुस्त करून कंपाइल करावा, कार्ड बदलून घ्यावे, की आणखी काही मार्ग आहे, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

सीडीवरचा ड्रायव्हर बाजूला ठेवा आणि कार्डही परत करू नका. तीन पोर्ट चालतात, याचाच अर्थ कर्नलमधल्या ८२५० या मूळ ड्रायव्हरने कार्ड नीट ओळखले आहे. त्रुटीतली 'जागा' डिस्कवरची नाही, ती ड्रायव्हरच्या पोर्टांच्या तक्त्यातली आहे. डीमेसेजमध्ये अगदी सुरुवातीला '८२५०/१६५५० ड्रायव्हर' अशी एक ओळ असते आणि तिच्यात पोर्टांची संख्या दिलेली असते. तिथे ४ हा आकडा आहे का, ते आधी पाहावे.

प्रतिसाद २ (धागाकर्ता)

होय, तिथे ४ च आहे. कार्डावरही चारच पोर्ट असल्यामुळे त्या ओळीत काही वावगे आहे, असे माझ्या लक्षात आले नव्हते.

प्रतिसाद ३

मग निदान निश्चित झाले. तक्त्यात चार खण आहेत आणि पहिला खण मदरबोर्डवरच्या पोर्टने घेतलेला आहे, मग त्याला सॉकेट असो वा नसो. उरलेले तीन खण कार्डाच्या पहिल्या तीन पोर्टांना मिळाले आणि चौथ्याला खणच उरला नाही.

ग्रब, म्हणजे संगणक सुरू होताना कर्नल चालू करणारा प्रोग्रॅम, याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये कर्नलला द्यायच्या पर्यायांची ओळ असते. तिच्यात अवतरणचिन्हांच्या आत '८२५०.एनआर_यूएआरटीएस=८' हा पर्याय वाढवा. तो रोमन लहान अक्षरांत, इंग्रजी अंकांत आणि मध्ये कुठेही जागा न सोडता टंकावा. नंतर अपडेट-ग्रब ही आज्ञा चालवून संगणक पुन्हा सुरू करावा.

एक गोष्ट मात्र आधीच लक्षात घ्या, नाहीतर जे तीन पोर्ट आज चालतात तेही बंद पडल्यासारखे वाटतील. पहिल्या चार खणांवर जुन्या पीसीतले ठरलेले पत्ते लिहिलेले असतात. पत्ता नसलेले मोकळे खण उपलब्ध असतील, तर ड्रायव्हर कार्डासाठी ते आधी निवडतो. त्यामुळे कार्डाचे पोर्ट आता टीटीवायएस ४ ते ७ या नावांनी येतील आणि सॉफ्टवेअरमधली नावे बदलावी लागतील. ती नावे थेट लिहिण्यापेक्षा यूडेव्हचा (उपकरणांना नावे देणाऱ्या लिनक्सच्या यंत्रणेचा) नियम करणे मी अधिक पसंत करेन. सिसएफएसमध्ये (कर्नल उपकरणांची माहिती जिथे फाइलींच्या रूपात दाखवते त्या जागी) प्रत्येक पोर्टच्या फोल्डरात 'पोर्ट' नावाची फाइल असते आणि तिच्यात त्याचा आय/ओ पत्ता असतो. त्या पत्त्यावरून प्रत्येक पोर्टाला स्वतःचे टोपणनाव देता येते. उद्या दुसरे एखादे कार्ड बसवले तर हे पत्ते बदलू शकतात, तेव्हा नियम पुन्हा तपासावा.

प्रतिसाद ४ (धागाकर्ता)

मनःपूर्वक आभार. सकाळचे संकलन आटोपल्यावर, दुपारी केंद्र बंद असताना बदल केला. डीमेसेजमध्ये आता ८ पोर्टांची नोंद आहे, टीटीवायएस ४ ते ७ हे चारही पोर्ट १६५५०ए (सिरियल चिपचा एक प्रकार) म्हणून ओळखले गेले आणि उणे २८ ची ओळ गेली. यूडेव्हमध्ये काटा, फॅट, पावती आणि फलक अशी टोपणनावे दिली आणि मुद्दाम मुख्य स्विच तीन वेळा बंद-चालू करून पाहिला. तिन्ही वेळा नावे जागच्या जागी राहिली. संध्याकाळच्या संकलनात डिस्प्ले शेवटच्या सभासदापर्यंत चालू होता. दुसरे कार्ड बसवल्यास पत्ते बदलू शकतात, ही आपली सूचना कागदावर लिहून मी कॅबिनेटच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवली आहे.