कास्ट आयर्न बुलेट ३५०: सॉलिड टॅपेट काढून हायड्रॉलिक बसतील का?

गाईड_ओव्हल
जुनी कास्ट आयर्न बुलेट, ७० × ९० मिमी, इंजिन पूर्ण खोललेलं. टॅपेटच्या (कॅमवर टेकून पुशरॉड, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारी दांडी, उचलणाऱ्या तुकड्याच्या) पायाला खड्डे पडलेत, तो ज्या नळीत सरकतो ते गाईड ओव्हल झालेत, म्हणजे दोन्ही बदलणं आलंच. मग तेलाच्या दाबाने आपोआप ढील भरणारे हायड्रॉलिकच का नकोत? २००८-०९पासूनच्या यूसीई (इंजिन-गिअरबॉक्स एकत्र असलेल्या) इंजिनात ते आहेतच. यूसीईचे लिफ्टर (हायड्रॉलिक टॅपेट) घेऊन लेथवर नवे गाईड करायचे आणि रॉकरला जाणाऱ्या ऑईल पाइपला टी (फाटा) मारून तेल द्यायचं, असा विचार आहे. कुठे अडेल?

टायमिंग_साइड
तीन ठिकाणी अडेल.

पहिलं, यूसीईचा लिफ्टर रोलरवाला आहे. रोलर कॅमवर सरळच राहायला हवा, त्यामुळे लिफ्टर फिरू नये याची सोय गाईडमध्ये लागते. तुमचा टॅपेट सपाट पायाचा, तो फिरायलाच हवा. फिरला नाही तर पाय एकाच जागी खातो. शिवाय सपाट पायासाठी ग्राइंड केलेल्या कॅमवर रोलर चालवला की व्हॉल्व्हचं उघडणं-मिटणं बदलतं. म्हणजे कॅमही नवा.

दुसरं, जागा. शेव्हीच्या व्ही-८ आणि हार्लेच्या इव्हो इंजिनातले लिफ्टर सुमारे २१.४ मिमी जाडीचे. बुलेटचा टॅपेट त्याहून बराच बारीक आणि दोन्ही शेजारीशेजारी. मोठ्या गाईडसाठी क्रँककेस बोअर केली तर मधली अ‍ॅल्युमिनियमची भिंत किती उरते ते आधी मोजा. तिथे चीर गेली की केस भंगारात.

तिसरं तेल, आणि खरी मेख तिथेच आहे. लिफ्टरच्या आत प्लंजर, स्प्रिंग आणि चेक बॉल असतो. कॅमने उचललं की बॉल बंद होतो, खाली अडकलेलं तेल दबत नाही, म्हणून तो सॉलिडसारखा वागतो. तेलात हवा शिरली की ती दबते, लिफ्टर स्पंजासारखा बसतो आणि सॉलिड टॅपेटच्या खटखटीहूनही मोठी खटखट येते. रॉकरच्या पाइपचं पुढचं तोंड उघडं. तिथे तेल वाहतं, पण प्रेशर धरत नाही. रिटर्नचं तेल तर घेऊच नका. ड्राय संपमध्ये (तेल वेगळ्या टाकीत, एक पंप ते इंजिनाला देतो, दुसरा परत ओढतो) रिटर्न पंप फीडपेक्षा जास्त ओढतो, त्यामुळे निम्मा फेसच येतो.

लेथ_आणि_रीमर
मग फीडवरून, म्हणजे इंजिनाला जाणाऱ्या तेलातून घ्या. टायमिंग कव्हरमधून क्रँकच्या टोकात जाणाऱ्या तेलातून फाटा काढायचा, वाटेत ०.८ ते १ मिमी भोकाचा जेट. गाईडला आतून उभी खाच, म्हणजे लिफ्टर वरखाली होताना त्याचं भोक तेलाशी जुळलेलं राहील. बोअर रीमरने नाही, होनने फिनिश करा, क्लिअरन्स ०.०२५ ते ०.०५ मिमी. त्याहून ढिलं झालं तर तेल लिफ्टरमध्ये जायच्या आधीच बाजूने गळून जाईल.

टायमिंग_साइड
फाटा निघेल, पण तोटा कोणाचा होतोय ते बघा. या इंजिनाचा बिग एंड (कनेक्टिंग रॉडचं क्रँककडचं बेअरिंग) फ्लोटिंग बुशचा आहे, त्याला भरपूर तेल लागतं. स्टँडर्ड पंपातून दोन लिफ्टरना वाटा दिला आणि गरम इंजिन आयडलवर सोडलं, तर आधी बुश जाईल. टॅपेटची खटखट घालवायला बिग एंड गमावणं हा तोट्याचा सौदा. निदान जास्त डिस्चार्जचा पंप आणि रोलर बिग एंड असेल तरच याचा विचार करा. जुन्या नमद्याच्या फिल्टरवरही भरवसा नको. चेक बॉलखाली बारीकसा कण अडकला तरी लिफ्टर दबतो.

किक_हलकी
लिफ्टर पुशरॉडच्या टोकाला बसवला तर क्रँककेसला हात लावावा लागणार नाही ना?

लेथ_आणि_रीमर
हार्लेने १९४८च्या पॅनहेडमध्ये तेच केलं होतं. तेल तिथवर चढवत न्यावं लागे. १९५३ला लिफ्टर खाली टॅपेटमध्ये आणले. बुलेटमध्ये तर पुशरॉडपर्यंत प्रेशरची वाटच नाही.

तरीही कोणी करणारच असेल तर सेटिंग असं: कॉम्प्रेशनचा टीडीसी (पिस्टन सगळ्यात वर), दोन्ही व्हॉल्व्ह बंद. पुशरॉडची ढील संपेपर्यंत अ‍ॅडजस्टर उघडा, मग आणखी ०.५ ते ०.८ मिमी प्रीलोड (लिफ्टरचा प्लंजर तेवढा दाबून ठेवणं). थ्रेडचा पिच मोजून फेरे ठरवा. पिच १ मिमी असेल तर अर्धा ते पाऊण फेरा. तेल भरलेला लिफ्टर लगेच दबत नाही, व्हॉल्व्ह किंचित उघडा राहतो. वीसेक मिनिटं थांबा, पुशरॉड बोटांनी फिरला की मगच किकला हात लावा. किक भलतीच हलकी लागली तर व्हॉल्व्ह अजून बसलेला नाही असं समजा, उगाच रिंगांना दोष देऊ नका.

टायमिंग_साइड
कॅमच्या रॅम्पची (लोबच्या सुरुवातीच्या हलक्या चढाची) भीती मात्र इथे कमी. थंडीत ०.२५ मिमी गॅप मागणाऱ्या इंजिनात सॉलिड कॅमवर हायड्रॉलिक घातला की तो गॅप भरणारा रॅम्पही व्हॉल्व्ह उचलायला लागतो आणि आयडल बिघडतं. बुलेटचं थंड सेटिंग मुळातच शून्याला टेकलेलं.

म्हणूनच माझं मत: सॉलिडच ठेवा. नवे टॅपेट, नवे गाईड, आणि टॅपेटचे पाय खाल्लेत म्हणजे कॅमचे लोबही तपासा. खाल्लेल्या कॅमवर नवा टॅपेट टिकत नाही. इंजिन पूर्ण थंड असताना पुशरॉड बोटांनी सहज फिरावा, वरखाली मात्र जाणवण्याइतका हलू नये. तीन पातळ पाने घ्या, लॉकनट आवळताना अ‍ॅडजस्टर सोबत फिरतोच, म्हणून आवळल्यावर पुन्हा फिरवून बघा. पहिल्या २०० किमीनंतर परत एकदा.

गाईड_ओव्हल
बॅरल अ‍ॅल्युमिनियमचं टाकलं तर?

टायमिंग_साइड
तर गरम झाल्यावर आवाज वाढेल. अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या दुप्पट फुगतं. १०० मिमी उंचीला १०० अंश तापमान चढलं तर जादा वाढ सुमारे ०.१२ मिमी, तेवढी फट टॅपेटला मिळते. बिडाचं बॅरल चांगलं असेल तर रिबोअर करून तेच वापरा.