अमूर्त चित्र बघायचं कसं? मुंबईत एकच दिवस आहे, सुचवा

दगडफूल:
पुढच्या आठवड्यात भाचीला घेऊन मुंबईला जातेय. अकरावीत आहे, दिवसभर चित्रं काढत असते. चित्रकार वासुदेव गायतोंडेंचं एक चित्र फोनवर बघून म्हणाली, "मावशी, नुसता पिवळा रंगच आहे की!" मला काही सांगता येईना. कुठे नेऊ? आणि समोर उभं राहिल्यावर बघायचं काय?

पाणकळा:
ताई, फोनवरून गायतोंडे कळत नाहीत. ते ओला रंग रोलरनं पसरायचे, सुरीनं खरवडायचे, फाडलेल्या कागदाचे तुकडे लावून आकार उमटवायचे. थरावर थर. त्यामुळे आधी समोरून बघा, मग भिंतीलगत जाऊन कडेनं. पिवळ्याच्या पोटात दडलेले थर तेव्हा दिसायला लागतात. आपल्या चित्रांना 'अमूर्त' म्हटलेलं त्यांना रुचायचं नाही, हेही तिला सांगा.

काळा घोड्याला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जहांगीर निकल्सन यांच्या आधुनिक चित्रसंग्रहाचं दालन आहे. समोरच राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय (सोमवारी बंद). मांडणी बदलत राहते, तेव्हा सध्या काय लावलंय ते फोन करून विचारा. जहांगीर आर्ट गॅलरी शेजारीच आहे, पण ती शेवटी ठेवा. मुलगी दमली की डोळे काम करत नाहीत.

कवडसा:
बरव्यांचं चित्र दिसलं तर सोडू नका! प्रभाकर बरवे १९६१ पासून काही वर्षं बनारसच्या विणकर सेवा केंद्रात होते, तंत्रमार्गी (तंत्रसाधनेतल्या) चित्रांचा संस्कार तिथला. पुढे दारंखिडक्यांना लावतात त्या चकचकीत एनॅमल रंगात त्यांनी घड्याळ, पान, शिंपला असल्या साध्या वस्तू रंगवल्या. ओळखीची वस्तू हाताशी असते, म्हणून नवख्या माणसाला मी नेहमी बरव्यांपासून सुरुवात करायला सांगतो. त्यांचं 'कोरा कॅनव्हास' हे पुस्तक मराठीतच आहे, भाचीला घेऊन द्या.

पाणकळा:
बरव्यांबद्दल पटलं.

शेवंती:
माझं मत जरा वेगळं. रोलर, सुरी, एनॅमल यातलं काहीही आधी सांगू नका. एका चित्रासमोर पंधरा मिनिटं बसू द्या, बोलू नका. मला पहिल्यांदा नेलं त्या काकांनी सगळं आधीच समजावलं होतं. मी रोलरच्या खुणा शोधत बसले आणि चित्र राहूनच गेलं.

दगडफूल:
शेवंतीताई, हे मनावर घेते. आधी नुसतं बसायचं. पाणकळांनी सांगितलेलं सगळं परतीच्या गाडीत सांगेन, आणि लगेच पुन्हा जायचं म्हणाली तर पुढचा रविवारही मोकळा ठेवलाय.