प्रयोगशाळेच्या कपाटात जुनं सोडियम निघालंय, काय करू?

गोदाकाठ:
परभणी जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात यंदा प्रयोगशाळेचा चार्ज माझ्याकडे आलाय. कपाट आवरताना सोडियमची मोठी बाटली निघाली. हवा-पाणी लागू नये म्हणून ज्यात बुडवतात ते रॉकेल निम्म्याच्या खाली, उघडे पडलेले तुकडे पांढरेफटक. शेजारी एक छोटी तपकिरी बाटली. लेबल गेलंय, आतल्या खड्यांवर पिवळट साल. शिपाई मामा म्हणतात, पूर्वी असलं सगळं मागच्या आडात टाकायचे. मला पटत नाही. मृग लागायच्या आत निकाल लावायचाय, छत पत्र्याचं आहे आणि गळतं. ठेवू का टाकू? ठेवलं तर कशात? रेशनवर रॉकेल दिसत नाही आता.

पाटोदेकर:
कशाला येवढं टेन्शन घ्यायलाव सर? आडात टाका, धडाम् झालं की विषय संपला.

निवृत्त_रसायन:
पाटोदेकर, विषय तिथूनच सुरू होतो. सोडियम पाण्यावर तरंगतं, ९८ अंशांच्या आसपास वितळतं, पाण्याशी अभिक्रिया होऊन निघालेला हायड्रोजन पेटतो. मोठा तुकडा फुटला की वितळलेला धातू आणि कॉस्टिक सोडा दोन्ही वर उडतात, आणि माणूस नेमका वाकून बघत असतो. डोळे जातात असल्या गमतीत.

गोदाकाठ सर, आधी ती छोटी बाटली. पिवळी साल असेल तर ते जुनं पोटॅशियम समजा. त्यावर सुपरऑक्साइड, म्हणजे जास्तीचा ऑक्सिजन धरलेला पिवळा थर, साचतो. चाकू लावला, घासलं, तरी स्फोट होऊ शकतो. झाकणसुद्धा फिरवू नका. आहे तिथंच राहू द्या, कपाटाला कुलूप घाला, जाणकाराला बोलवा. एसटीत पिशवीत घालून कुठं नेऊ नका.

सोडियमची पांढरी साल तितकी भयंकर नाही, कॉस्टिक आणि कार्बोनेटच असतो बहुतेक. ते ठेवता येईल. रॉकेलऐवजी लिक्विड पॅराफिन घ्या, मेडिकलवर मिळतं. तुकडे पूर्ण बुडायला हवेत. बाटली पत्र्याच्या डब्यात, भोवती कोरडी वाळू, आणि नळ, बेसिन, गळकं छत यांपासून लांब.

लातूरची_ताई:
+१. बारावीच्या प्रॅक्टिकलचं सांगते, कारण खरी गडबड तिथं होते. लासेनच्या चाचणीला (सेंद्रिय पदार्थातलं नायट्रोजन, गंधक वगैरे ओळखायची चाचणी) वाटाण्याएवढा तुकडा पुरे, पोरं मात्र बोराएवढा कापतात. कापून स्वतः वाटा, बाटली टेबलावर ठेवू नका. मे-जूनमध्ये हाताला घाम असतो, चिमट्यानंच धरायचं. गॉगल सगळ्यांना. तुकडा घालून तापवलेली लाल नळी बशीतल्या पाण्यात टाकली की बशीवर लगेच तारेची जाळी. आणि तुकडा टिपलेला फिल्टर पेपर कचऱ्याच्या डब्यात जाऊ देऊ नका. त्याला कण चिकटलेले असतात, वरून कुणी ओला बोळा टाकला की डबा पेटतो.

क्लोरोफॉर्म किंवा कार्बन टेट्राक्लोराइडनं सोडियम धुवायची कल्पना कुणी काढली तर हात धरा. तिथं स्फोटच होतो.

जिज्ञासू_बीड:
थोडं अवांतर. हायड्रोजनमुळेच फुटतं असं आपण शिकलो, पण २०१५ मध्ये प्रागच्या शास्त्रज्ञांनी वेगवान कॅमेऱ्यानं पाहिलं तर त्याआधीच धातूतून काटे फुटलेले दिसले. इलेक्ट्रॉन झटक्यात पाण्यात जातात, उरलेले धनभार एकमेकांना ढकलतात. म्हणून चमच्यानं तुकडा पाण्याखाली दाबून दाखवणारे सर बघितले की पोटात गोळा येतो.

गोदाकाठ:
आभार सगळ्यांचे. पॅराफिन आणलं. विद्यापीठाच्या रसायन विभागातल्या ओळखीच्या सरांशी बोललो, छोटी बाटली ते जागेवर येऊन बघणार आहेत. आमच्याकडं कार्बन डायऑक्साइडचं आणि एबीसी पावडरचं अशी दोन अग्निशामकं आहेत. पुरतील ना?

निवृत्त_रसायन:
सोडियमला दोन्ही चालत नाहीत. पेटतं सोडियम कार्बन डायऑक्साइडशीही झगडतं. धातूच्या आगीला डी वर्गाचं अग्निशामक लागतं. ते नसेल तर छोट्या आगीवर कोरडं मीठ किंवा वाळू, लांब दांड्याच्या पळीनं हळू पसरायची. फेकायची नाही, धातू उडतो. कपडे धुवायचा सोडा नको, त्या खड्यांतच पाणी असतं. नदीची वाळू आणली असेल तर कढईत खमंग भाजा, गार झाली की घट्ट झाकणाच्या डब्यात भरा आणि वर "फक्त आगीसाठी" लिहा, नाहीतर मामा ती कुंड्यांत घालतील.