सल्ला हवा: हौसेसाठी घेतलेली क्वाड बाइक गावात कुठे आणि कशी चालवावी?

माळरान: घरी नुकतीच चार चाकांची एटीव्ही, म्हणजेच क्वाड बाइक, घेतली आहे. वापर केवळ सुट्टीतल्या हौसेपुरता आहे. पक्क्या रस्त्याने पलीकडच्या माळापर्यंत ती चालवत न्यावी का, आणि बारा वर्षांच्या मुलाच्या हाती द्यावी का, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

खडीवाट: पक्क्या रस्त्याचा विचार सोडून द्यावा. या गाडीचे टायर रुंद आणि कमी हवेचे असतात, आणि अनेक मॉडेलांत मागची दोन्ही चाके एकाच अखंड आसावर बसवलेली असल्यामुळे वळताना ती सारख्याच वेगाने फिरतात. मऊ मातीत चाक थोडे घसरते व ते निभावते. डांबरावर मात्र पकड सुटत नाही आणि गाडी उलटू शकते. शिवाय सार्वजनिक रस्त्यावर अशा वाहनांना बऱ्याच ठिकाणी मनाई असते. माळापर्यंत ती ट्रेलरवरून न्यावी.

मुलाच्या हाती तर ती मुळीच देऊ नये. प्रौढांसाठी बनवलेली एटीव्ही १६ वर्षांखालील मुलांसाठी नसल्याची सूचना उत्पादक स्वतःच गाडीवर लावतात, आणि अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संस्था तर या वयाखाली कोणतीही एटीव्ही नको म्हणते.

माळरान: आभारी आहे. मग त्याला मागे बसवले तर? सीट चांगली लांब आहे.

खडीवाट: बहुतेकांची फसगत इथेच होते. ती लांबी दुसऱ्या माणसासाठी नसून, चढाला पुढे आणि उताराला मागे सरकून चालकाने तोल सांभाळावा यासाठी असते. एकासाठी बनवलेल्या गाडीवर दुसरा बसला की हे सरकणेच थांबते. हेल्मेट, गॉगल आणि घोटा झाकणारे बूट घालून आधी सपाट जागेवर सराव करावा. उतारावर आडवे जाणे नवशिक्याने टाळावे.

बांधावरचा: माळ कोणाच्या मालकीचा आहे, हे आपण लिहिलेले नाही. मालकाची परवानगी लेखी घ्यावी, कारण तोंडी होकार पुढच्या हंगामात कोणाला आठवत नाही. पेरलेले रान आणि ओढ्याचे काठ सोडून जावे, आणि गुरे दिसताच वेग कमी करावा. एक्झॉस्टवर ठिणगीरोधक जाळी आहे ना, तेही पाहावे. वाळलेल्या गवतात तापलेली गाडी उभी करू नये. एक्झॉस्टपाशी अडकलेला काडीकचरासुद्धा पेट घेतो.