आईच्या आत्या पुण्यात नेमक्या कुठे शिकल्या असतील? जुनी वही सापडली आहे

बुधगावची

नमस्कार मंडळी. जुन्या पुण्याची माहिती असणाऱ्यांनी जरा मदत करा.

आई जाऊन वर्ष झालं. परवा माळा आवरायला काढला तर मागच्या कोपऱ्यात पत्र्याची ट्रंक निघाली. आईच्या आत्याची. आम्ही सगळे तिला आक्कात्या म्हणायचो. जन्म १९०५ च्या आसपासचा, नवव्या वर्षी लग्न, अकराव्या वर्षी नवरा गेला. सासरी केशवपनाची बोलणी सुरू झाली तेव्हा माझे पणजोबा बैलगाडी घेऊन गेले आणि मुलीला घरी घेऊन आले. पुढे दोन-तीन वर्षांनी तिला पुण्याला 'संस्थेत' पोचवलं. घरात कायम हेच ऐकलं की आक्का कर्व्यांच्या आश्रमात होती.

ती १९७८ साली गेली तेव्हा मी तेरा वर्षांची होते, त्यामुळे चांगली आठवते. चालणं तुरुतुरु, बोलणं कमी. आम्ही पडलो-झडलो की गुडघ्याला पट्टी तीच बांधायची. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याच्या बरोबर अर्ध्यावर. माप लावून बांधल्यासारखा. पट्टी कधी घसरली नाही.

ट्रंकेत काय निघालं ते सांगते. एका पात्याचं टोक बोथट केलेली कात्री. एक फोटो, तेरा बायका दोन ओळींत, त्यातल्या तिघींचा पदर असा पुढे ओढलेला की मुंडन आहे हे लपत नाही. आणि एक वही. पुढून सुबक बाळबोध अक्षरात नाडी, ताप, पोटीस कसं करावं, उकळलेलं पाणी किती वेळ ठेवावं. वही उलटी धरली की मागून हिशेब: साबण एक आणा, खोबरेल दीड आणा, पोस्टकार्ड एक पैसा.

आश्रमात हे सगळं शिकवत होते का? की घरच्यांनी सांगितलेलं नाव चुकीचं आहे?

चिंचबाग

हुजूरपागा असणार, डोळे झाकून सांगते. माझी आजी तिथलीच. १८८४ सालची शाळा, न्यायमूर्ती रानडे, भांडारकर, वामन आबाजी मोडक अशा मंडळींनी काढलेली. पेशव्यांच्या घोड्यांची पागा होती त्या जागेवर, म्हणून ते नाव. त्या काळात पुण्यात मुलींची दुसरी शाळा होतीच कुठे!

लालपेटी

चिंचबागताई, डोळे उघडा. हुजूरपाग्याचा अभिमान मलाही आहे, आमच्या घरातल्या तीन पिढ्या तिथे गेल्या. पण ते हायस्कूल. इंग्रजी, गणित, अकरा ते पाच वर्ग. मुलींनी इतका वेळ घराबाहेर राहावं का आणि इंग्रजी शिकून काय दिवे लावणार, यावर 'केसरी'तून काय काय छापून आलं ते वेगळंच प्रकरण. पोटीस करायला तिथे शिकवत नसत. आणि तोवर पुण्यात मुलींच्या शाळा होऊन गेल्या होत्या, त्याही छत्तीस वर्षं आधी. ते असो.

बुधगावचीताई, मी टपाल खात्यात आयुष्य काढलं, पुण्यातल्या पेठांतच. त्यामुळे तुमच्या वहीतली मला सगळ्यात आवडलेली ओळ म्हणजे 'पोस्टकार्ड एक पैसा'. १९२२ साली कार्डाची किंमत एका पैशावरून दोन पैसे, म्हणजे अर्धा आणा झाली. म्हणजे ते पान १९२२ च्या आधीचं. पुढच्या पानांत दोन पैसे येतात का बघा.

आता संस्था. 'कर्व्यांचा आश्रम' हा शब्द पुण्याबाहेरच्या घरांत डालड्यासारखा वापरला जायचा. तूप कुठल्याही डब्यातलं असो, डालडाच. विधवा मुलगी पुण्याला शिकायला गेली की ती कर्व्यांकडे. खरा आश्रम कसा होता ते सांगतो, म्हणजे तुम्हालाच फरक कळेल.

धोंडो केशव कर्वे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे. १८९३ ला त्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. या गोदूबाई म्हणजे पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी. सदन १८८९ ला मुंबईत निघालं, पुढच्या वर्षी पुण्यात आलं, १८९३ ला धर्मांतराच्या आरोपावरून गदारोळ झाला, पालकांनी धडाधड मुली काढून घेतल्या. रमाबाई नंतर केडगावला गेल्या. तेव्हा तुमच्या आत्यांच्या काळात पुण्यात सदन नव्हतं, ते नाव यादीतून खोडा.

कर्व्यांनी १८९६ ला अनाथ बालिकाश्रम काढला, तो आधी गावातच. मग प्लेगमुळे गाव सोडून हिंगण्याला. रावबहादूर गणेश गोविंद गोखल्यांनी सहा एकर जागा आणि झोपडीसाठी साडेसातशे रुपये दिले, १९०० साली झोपडी उभी राहिली. आज तिथून बस धावतात, कर्वेनगर म्हणतात, पण तेव्हा ते रानच. अण्णा, म्हणजे कर्वे, कॉलेज सुटल्यावर चिखल तुडवत पायी जायचे, पाठीवर सामान असायचं. त्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले निधी गोळा करत गावोगाव हिंडल्या, इंग्रजी धड येत नसताना अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. माझ्या मते पुण्यात या बाईंचा पुतळा असायला हवा, पण पुतळ्यांबद्दल इथे बोलायला लागलो तर रात्र होईल. पुढे १९०७ ला महिला विद्यालय, १९१६ ला महिला विद्यापीठ. म्हणजे हिंगण्याचा ओढा शिक्षिका तयार करण्याकडे.

तुमच्या ट्रंकेतली कात्री मात्र मला दुसरीकडे नेते. टोक बोथट अशासाठी की पट्टीखाली पातं सरकवताना कातडीला लागू नये. ती परिचारिकेची कात्री. आणि त्या काळात पुण्यात हिंदू बायकांना, त्यातही विधवांना, परिचारिकेचं शिक्षण द्यायला पुढे सरसावलं ते सेवासदन. २ ऑक्टोबर १९०९, रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर. मुंबईत मलबारी आणि दयाराम गिडूमल यांनी आदल्या वर्षी त्याच नावाची संस्था काढली होती. पुण्यात शिवण, लेखन-वाचन, प्रथमोपचार असे वर्ग सुरू झाले आणि पाठोपाठ ससून रुग्णालयात शिकायला मुली पाठवल्या जाऊ लागल्या.

घरच्यांना शिक्षिका चालायची. परिचारिका नको असायची. परक्या पुरुषाच्या अंगाला हात, कुठल्या जातीचा माणूस, रक्त, मलमूत्र, बाळंतपणाचा विटाळ. रमाबाई रानडे घरोघर जाऊन समजूत घालायच्या. सेवासदनाच्या एका समारंभात आलवणातली, मुंडन केलेली विद्यार्थिनी बक्षीस घ्यायला व्यासपीठावर आली तेव्हा गॅलरीतली कॉलेजची पोरं खो-खो हसली. रमाबाईंनी भाषणात त्यांना उभं-आडवं झापलं, तुम्हाला शिकलेलं म्हणायचं तरी कसं, ही तुमच्यातल्याच कुणाची तरी बहीण असेल म्हणून. तुमच्या फोटोतल्या त्या तिघी वाचताना मला हीच गोष्ट आठवली.

वहीत ठिकाणाचं एखादं नाव आहे का? वाडा, पेठ, दवाखाना, काहीही?

बुधगावची

लालपेटीकाका, (काकाच म्हणते, चालेल ना?) तुमचं वाचून पुन्हा चष्मा लावून बसले. संस्थेचं नाव कुठेच नाही. पण नाडीच्या तक्त्याच्या वर एका पानावर 'ससून, बायकांचा वॉर्ड, रात्रपाळी' असं आहे. आणि हिशेबात तीन-चार ठिकाणी 'टांगा, पाचजणींत'. हिंगण्याहून ससून म्हणजे रोज केवढं अंतर! तेव्हा तुमचंच बरोबर दिसतंय.

खरं सांगू का, मला थोडं वाईटही वाटलं. कर्व्यांचा आश्रम म्हटलं की घरात मान होता. परिचारिका होती हे आईने सुद्धा कधी तोंडाने म्हटलं नाही. 'दवाखान्यात होती' एवढंच. आता कळतंय की आश्रमाचं नाव चुकून नाही, मुद्दाम घेतलं जात असणार.

गोळाबेरीज

मी पुण्यात कचरावेचक बायकांच्या संघटनेत काम करते. धागा आवडला, पण हात शिवशिवताहेत म्हणून लिहिते.

लालपेटीकाकांनी छत्तीस वर्षांचा उल्लेख केला आणि 'ते असो' म्हणून पुढे गेले. असो कसं? १८४८ ला सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी बुधवार पेठेत भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. त्यांच्याच शाळेतल्या मुक्ताबाई या मातंग मुलीने १८५५ मध्ये मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला, तो 'ज्ञानोदया'त छापून आला. वय चौदाच्या आसपास. आणि विधवांचं म्हणाल तर १८६३ ला फुल्यांनी स्वतःच्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं, फसवल्या गेलेल्या ब्राह्मण विधवांनी गुपचूप येऊन बाळंत व्हावं म्हणून. आश्रमाच्या तेहतीस वर्षं आधी. तिथल्याच एका बाईचा मुलगा, यशवंत, त्यांनी दत्तक घेतला. भिडे वाडा २०२३ मध्ये पाडला, आता तिथे स्मारक होणार. पाडण्याआधी तिथून जाताना लोक ती इमारत ओळखायचेही नाहीत.

बुधगावचीताई, आक्कात्यांबद्दल मनापासून आदर आहे. पण फोटोतल्या त्या तेराजणी जिथे राहत होत्या तिथली भांडी कोण घासत होतं, असा प्रश्न माझ्या मनात येतोच. त्या बायकांची संघटना व्हायला १९८० उजाडावं लागलं. आजारपणातून परत आलेल्या बाईला कामावरून काढलं, आणि मोलकरणींनी संप केला. शिकवायला कुणी गेलं नव्हतं, त्या आपसूक रस्त्यावर आल्या, मग लाल निशाण पक्षाची मंडळी सोबत उभी राहिली.

आता गंमत बघा. आमची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ ची. बाबा आढाव सोबत होतेच, पण सुरुवात झाली ती एसएनडीटीच्या प्रौढ शिक्षण विभागातून. तिथल्या बाया वेचक मुलांना शिकवायला गेल्या, आणि आयांनी त्यांना कचराकुंडीपाशी उभं करून सांगितलं की अक्षराआधी कचऱ्याचं बोला, वर्गीकरण न केलेल्या उकिरड्यात आम्ही हात घालतो. एसएनडीटी म्हणजे कर्व्यांचंच विद्यापीठ, बरं का. विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाख दिल्यावर त्यांच्या आईचं, नाथीबाईंचं नाव लागलेलं. १९९६ पासून आमच्या बायकांच्या ओळखपत्रावर महापालिकेचं नाव आहे. त्याआधी पोलिसांना चोर वाटायच्या. त्या कार्डाला भोक पाडून नाडीत ओवून गळ्यात घालतात, आंघोळीलाही काढत नाहीत काहीजणी.

लालपेटी

गोळाबेरीज, कान धरले. 'ते असो' परत घेतो.

मोलकरणींच्या संपाचे दिवस माझ्या डोळ्यांसमोर आहेत. मी तेव्हा नवा होतो, कर्वे रस्त्याच्या बाजूला बीट होतं. मनीऑर्डर घेऊन बेल वाजवली की दार उघडायला साहेब स्वतः, सही करायला हात पुढे केला तर कोपरापर्यंत भांड्यांची पावडर. एका बाईंनी मलाच विचारलं, तुमच्या ओळखीत कुणी आहे का हो.

बुधगावचीताई, एक राहिलं. १९२० साली पुण्यात मुलींना सक्तीचं प्राथमिक शिक्षण द्यावं म्हणून बायकांनी मोर्चा काढला, पुढाकार रमाबाई रानड्यांचा. नगरपालिका मुलांपुरतं करायला निघाली होती, मुलींना पैसे नाहीत म्हणून. तुमचा हिशेब पाहता आत्या तेव्हा पुण्यातच होत्या. गेल्या असतील असं मी म्हणणार नाही, रात्रपाळी करून कोण जाणार. पण सेवासदनात त्या दिवशी दुसरं काही बोललं गेलं नसेल.

आणि वहीला प्लॅस्टिक चिकटवून घेऊ नका. दुकानदार आग्रह करेल, ऐकू नका. पानांचे फोटो काढा आणि वही सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा.

बुधगावची

कापडात गुंडाळली, आईच्याच जुन्या साडीचं कापड.

गोळाबेरीज, भांड्यांचा प्रश्न बोचला, पण तुमचं खरं आहे. हिशेबात 'सखू, महिना दोन आणे, माझा वाटा' असं दर महिन्याला लिहिलेलं आहे. मी ती ओळ चार वेळा वाचली आणि प्रत्येक वेळी साबणासारखीच वाचली होती.

काका, दोन पैशांचं पान सापडलं. आधीच्या पानांवर महिन्याला चार कार्डं असायची, कधी पाच. भाव वाढल्यावर पहिल्या महिन्यात लिहिलंय 'कार्डे दोन, एक आणा'. त्याच्या पुढच्या महिन्यापासून शेवटच्या पानापर्यंत एकच.