नांगरलेल्या वावरातून गाडी अन् टोपलीतली अंडी शाबूत? खरं का फेकाफेकी? (पिजो इंजिन, फ्रेंच गाड्या)

पांदणवाला (घाटंजी)

राम राम मंडळी. मी शेतकरी मानूस, गाड्यांतलं लय समजते असं नाही. पन आमच्या वाड्यात बाबांच्या वक्ताची जीप उभी हाय, तिले गावात अजूनबी सारे 'पिजो'च म्हनतात. लहानपनी मले वाटे पिजो हे तिचं नाव असन, जसं बैलाचं ढवळ्या-पवळ्या. परवा दिवाळीच्या साफसफाईत बोनेट उघडलं तं इंजिनवर तेलामातीखाली एक पत्र्याची पट्टी दिसली, रॉकेलच्या चिंधीनं घासली अन् 'एक्सडीपी ४.९०' असं वाचता आलं.

नागपूरचा भाचा आला होता, तो म्हने मामा हे फ्रान्सचं इंजिन हाय, प्युजो कंपनीचं. मंग रात्री जेवताना त्यानं अजून एक गोठ सांगतली, का फ्रान्समंदी कोण्या कंपनीनं खास शेतकऱ्यासाठी गाडी बनवली होती अन् अट अशी होती का नांगरलेल्या वावरातून गेली तरी टोपलीतलं एकबी अंडं फुटलं नाही पायजे. आमची माय म्हने पोट्टं शिकून बिघडलं.

तर विचारायचं हे का १) ४.९० म्हनजे काय, २) अंड्याची गोठ खरी का, ३) खरी असन तं तशी गाडी आमच्या पांदनीनं चालली असती का? आमची पांदन ज्यायनं पायली त्यायलेच माहीत, जुलैत तिथं बैलबंडी फसते.

जुना निदेशक

पांदणवाले भाऊ, मी आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकच्या पोरांना २८ वर्षं शिकवलं, त्यामुळे पहिला प्रश्न माझा. ४ म्हणजे सिलिंडर चार, ९० म्हणजे बोअर, सिलिंडरचा आतला व्यास, ९० मिलिमीटर. स्ट्रोक, म्हणजे पिस्टन वरखाली सरकतो ते अंतर, ८३ मिलिमीटर. आता पाटी घेऊन गुणाकार करा, २११२ सीसी येतात. महिंद्राच्या ८० च्या दशकातल्या बऱ्याच जीपांत हेच इंजिन असायचं. आणि याच मापाचं डिझेल इंजिन फ्रान्समध्ये प्युजो ५०४ या कारमध्ये बसायचं, म्हणजे तुमच्या वाड्यातल्या जीपच्या इंजिनाचे चुलतभाऊ पॅरिसात टॅक्सीला जुंपलेले होते असं समजा.

दुसरा प्रश्न. आईला सांगा पोट्टं बिघडलं नाही, गोष्ट खरी आहे, फक्त कंपनी वेगळी. ती सिट्रोएन. गाडीचं नाव 'दोझ शव्हो', म्हणजे दोन घोडे, कागदावर २सीव्ही. तिथे टॅक्स लावायला सरकारी हिशोबाचे घोडे धरत, त्यावरून हे नाव, खऱ्या ताकदीशी त्याचा संबंध नाही. १९३० च्या दशकात कंपनीचे एक मोठे साहेब होते पिएर-ज्यूल बुलांजे. त्यांनी इंजिनिअर लोकांना सांगितलं की मला अशी गाडी पाहिजे ज्यात लाकडी जोडे घातलेले दोन शेतकरी बसतील, सोबत ५० किलो बटाटे किंवा वाइनचं छोटं पिंप मावेल, ताशी ६० किलोमीटर जाईल, १०० किलोमीटरला ३ लिटरच पेट्रोल पिईल, आणि हो, नांगरलेल्या शेतातून अंड्याची टोपली नेली तर अंडं फुटणार नाही. बाजारहाट करून येणाऱ्या माणसाची यादी आहे ही, इंजिनिअरची नाही, म्हणूनच मला ती आवडते.

१९३९ ला २५० गाड्या तयार झाल्या, ऑक्टोबरात पॅरिसच्या प्रदर्शनात दाखवायच्या होत्या आणि सप्टेंबरात महायुद्ध सुरू झालं. जर्मन लोकांच्या हाती लागू नये म्हणून बहुतेक मोडून टाकल्या, थोड्या लपवल्या. त्यातल्या तीन पुढे १९९० च्या दशकात कंपनीच्याच टेस्टिंगच्या जागेवर एका कोठाराच्या माळ्यावर सापडल्या, म्हणजे आपल्याकडे कडब्याखाली जुनी वखर सापडावी तशा! लोकांसमोर गाडी आली ती ७ ऑक्टोबर १९४८ ला. पेपरवाल्यांनी लई टिंगल केली, पण शेतकऱ्यांनी नंबर लावले, आपल्याकडे कधीकाळी स्कूटरसाठी लागायचे तसे, वर्षानुवर्षं वाट पाहा.

आता अंडं का फुटत नाही ते सांगतो, हे मला फळ्यावर काढून दाखवायला फार आवडायचं. जीपला पाटे असतात, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, पुढच्या चाकाचा पाटा वेगळा, मागच्याचा वेगळा, एकाचं दुसऱ्याला काही देणंघेणं नाही. दोझ शव्होत तसं नाही. डाव्या बाजूचं पुढचं आणि मागचं चाक एकाच लोखंडी नळकांड्याला बांधलेलं, ते नळकांडं दाराखाली आडवं झोपलेलं, त्यात स्प्रिंगा. उजवीकडेही तसंच. पुढचं चाक ढेकळावर चढलं की दांडी ओढली जाते, नळकांडं जरासं पुढे सरकतं, त्याच ओढीने मागचं चाक खाली दाबलं जातं आणि गाडीची मागची बाजूही उचलते. म्हणजे नाक वर शेपटी खाली असं न होता अख्खी गाडी सपाटच वर येते अन् सपाटच खाली जाते. डोक्यावर हंडा घेऊन चालणारी बाई पाहा, पाय खालीवर होतात, हंडा नाही. वरून सुरुवातीच्या गाड्यांत प्रत्येक चाकाजवळ एका डब्यात स्प्रिंगवर बसवलेलं वजन असे, चाक थरथरायला लागलं की ते वजन उलट्या तालात हलून थरथर मारायचं.

इंजिन ३७५ सीसी, दोन सिलिंडर समोरासमोर झोपलेले, हवेने थंड होणारं, ताकद फक्त ९ हॉर्सपॉवर. रेडिएटर नाही म्हणजे पाणी नाही, म्हणजे उन्हाळ्यात उकळायला काही नाही. ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर नाही. सिलिंडरच्या डोक्याखालचं पॅकिंग, हेड गॅस्केट, तेसुद्धा नाही!! पेट्रोल किती उरलं ते काडी घालून बघायचं. वायपर स्पीडोमीटरच्या केबलवर चाले, गाडी हळू तर वायपर हळू, गाडी उभी तर हाताने फिरवा. छत ताडपत्रीसारखं, गुंडाळून मागे टाकलं की कपाटही उभं नेता येई. हँडल मारून चालू करायचं आणि त्याच हँडलने चाकाचे नट खोलायचे. पोरांनो, यातलं एकेक काढून टाकलेलं पान्याचं काम मोजा, असं मी वर्गात म्हणायचो. आता वर्ग नाही, तुम्ही आहात.

हिटरमास्तर दारव्हा

निदेशक सायेब नमस्कार, तुमी सांगतलं ते बराबर, पन पांदणवाले दादानं तिसरं काय विचारलं ते रायलंच. मी ग्यारेजवाला हाय, ३० वर्सं झाले, तं माझं आईका.

नांगरलं वावर कोरडं असते तवा ठीक. आमची काळी रेगड जमीन पावसात भेटली का मंग अंड्याचं काय घेऊन बसले, चाकच दिसत नाही. त्या दोझ शव्होचे फोटो मी पायले हाय, मागच्या चाकावर अर्धं झाकन हाय, त्याच्यात आपला चिखल जाऊन असा ठासला जाईन का खुरप्यानं काढा लागन. टायर बारीक हाय ही एक चांगली गोठ, बारीक टायर चिखल चिरत खाली कडक जमिनीपर्यंत जाते, बंडीचं चाक पाहा ना, ते बारीकच असते. अन् इंजिन पुढं, ओढनारे चाकबी पुढंच, म्हनजे वजन ओढनाऱ्या चाकावर, हेबी चांगलं. पन काळ्या मातीत कडक जमीन लागाले हवी ना खाली, बाप्पा! आमच्या इकडं हातभर खालीबी लोनीच हाय. तं माझं मत, दसऱ्यापासून मिरगापर्यंत एक नंबर, बाकीचे चार महिने गोठ्यात उभी.

हां, त्याच कंपनीनं फोर बाय फोरबी काढली होती, नाव सहारा. तिचा जुगाड आईकून मी हसलो अन् मंग हात जोडले. पुढच्या चाकाले एक इंजिन अन् मागच्या चाकाले डिक्कीत दुसरं इंजिन!! दोनी एकाच पायडलवर. एक बंद पडलं तं दुसऱ्यावर घरी या. सातशेबी नाही बनल्या, ६९४ का काय. आता तशी एखादी विकाले निघाली तं आपल्या तालुक्यातलं अख्खं वावर विकून घ्या लागन.

पिजोबद्दल एक. दादा, तुमची जीप सकाळी चालू होत नसन तं इंजिनवर राग काढू नका, हिटर पाहा. या इंजिनात डिझेल डायरेक पिष्टनवर नाही फवारत, बाजूच्या एका लहान्या खोलीत फवारते, तिथं हवा गरगर फिरते, तिथून आग पुढं जाते. म्हनून आवाज नरम, धक्का नरम. पन ती खोली थंडीत थंडीगार असते, पयले हिटरनं गरम कराच लागते. डिसेंबरात आमी चाबी फिरवून मनात वीस मोजत होतो. उस्ताद म्हने, 'घाई कराल तं दुपारपर्यंत ढकलाल'. मंग डीआय, म्हनजे डायरेक पिष्टनवर फवारनारे इंजिनं आले, हिटर गेले, आवाज मात्र कडाकडा वाढला.

पुण्यात अडकलेला वर्धेकर

मस्त चाललंय. मी आयटीत असलो तरी मूळचा देवळीकडचा, बाबांचं जिनिंगमध्ये काम होतं, त्यामुळे बंडीत बसून कापसाच्या गंजीवर झोपत प्रवास केलाय, मऊ सस्पेन्शन म्हणजे काय ते मला तेव्हाच कळलं 😄

दोझ शव्होचं सगळ्यांना कौतुक, पण सिट्रोएनच्या त्याच टोळीने सात वर्षांनी काय केलं ते सांगतो, कारण खरी गंमत तिथे आहे. इंजिनिअर आंद्रे लफेव्र आणि गाडीला आकार देणारे फ्लामिनियो बेर्तोनी (हे मूळचे इटलीचे, शिल्पकार माणूस), याच दोघांनी ५ ऑक्टोबर १९५५ ला पॅरिसमध्ये डीएस आणली आणि ही बरोबर उलट्या टोकाची गाडी. एकीकडे पेट्रोल बघायला काडी आणि दुसरीकडे ब्रेक, स्टिअरिंग, गिअर, सस्पेन्शन सगळं हायड्रॉलिक तेलाच्या प्रेशरवर. पहिल्या पंधरा मिनिटांत ७४३ बुकिंग, दिवसाच्या शेवटी १२,००० झाली म्हणतात.

सस्पेन्शन पॉल माजेस नावाच्या माणसाचं. स्प्रिंगच नाही. प्रत्येक चाकावर एक लोखंडी गोळा, आत रबरी पडदा, पडद्याच्या एका बाजूला नायट्रोजन भरलेला, दुसऱ्या बाजूला तेल. चाक वर आलं की तेल गॅसला दाबतं, गॅस परत ढकलतो. मागे चार पोती टाकली तर पंप तेल वाढवतो आणि गाडी परत आपल्या उंचीवर येते. एक दांडी असते, तिने गाडी उंच करून दगडावरून काढायची आणि मग खाली आणायची. सकाळी चालू केली की बसलेला उंट उठावा तशी आधी एक बाजू मग दुसरी अशी उठते, यूट्यूबवर बघाच.

१९६२ ला ऑगस्टमध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गोल यांच्या डीएसवर पॅरिसजवळ गोळीबार झाला, टायर फुटले तरी ड्रायव्हरने गाडी पळवत बाहेर काढली आणि ते वाचले. साध्या गाडीत अंडी वाचतात, यात राष्ट्राध्यक्ष.

हिटरमास्तर दारव्हा

वर्धेकर भाऊ, गाडी झकास हाय पन ते तेल लिक झालं तं दारव्ह्यात कोन भरन? ब्रेकबी त्याच तेलावर म्हनता!

जुना निदेशक

मास्तर, तुमची शंका रास्त आहे, त्यांनाही तोच त्रास झाला. आधीचं तेल हवेतला ओलावा ओढायचं आणि आतून गंज धरायचा. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात हिरव्या रंगाचं खनिज तेल आणलं तेव्हा कुठे सुधारलं. पण जुन्या तेलाच्या गाडीत नवं टाकलं की रबरी सील खलास, म्हणून रंग वेगळा ठेवावा लागला. मी असतो तर दोझ शव्होच घेतली असती. ती १९९० पर्यंत बनत होती, शेवटची पोर्तुगालमध्ये. ४२ वर्षं एकच गाडी बनत राहते म्हणजे उगाच नाही.

पांदणवाला (घाटंजी)

सगळ्यायले धन्यवाद. काल रविवार होता, म्हटलं पाहूच. भाच्यानं टोपलीत ३० अंडी ठेवली, खाली कुटार. पयले ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, घरापासून वावरापर्यंत, दीड किलोमीटर, पांदन आता सुकली हाय पन चाकोऱ्या गुडघ्याएवढ्या. ११ फुटले. मंग उरलेले १९ बंडीत, त्याच पांदनीनं वापस, बैल आपल्या चालीनं. एक फुटलं, अन् तेबी भाचा उतरताना त्याच्या कोपराचा धक्का लागला म्हनून. माय म्हने फ्रान्सले जा लागलं नसतं, मलेच विचारलं असतं.

पिजोचे चारी हिटर काढून पायले, दोन लाल होऊन रायले, दोन थंडे. मास्तर, तुमच्याकडं जुने पडले असन तं ठेवा, बुधवारी बाजाराले येतो.

हिटरमास्तर दारव्हा

तीन हाय. येताना ते थंडे दोनबी घेऊन या, वायर तुटली असन तं जोडून पाहू. अन् अंडी नका आनू.