प्रतिसाद : ग्वाई हानासची कयाक सफर

उजनीच्या जलाशयात कयाक, म्हणजे वल्ह्याची अरुंद होडी, चालवण्याचा सराव झाला असेल, तर कॅनडातील ग्वाई हानासच्या निर्जन बेटांवर वाटाड्याशिवाय जावे का, असे आपण विचारले आहे. मला ते मुळीच योग्य वाटत नाही. तिथे साधारण सहा तासांनी भरती-ओहोटी पालटते, आणि ऐन उन्हाळ्यातही समुद्र इतका गार असतो की आपल्या सोलापूरच्या उन्हात वाढलेल्या माणसाची बोटे पाण्यात काही मिनिटांतच आखडतात. तंबू ठोकताना किनाऱ्यावरची समुद्रशेवाळाची ओली रेघ आधी शोधावी आणि तिच्याही बरेच वर जावे, कारण रात्रीची भरती दिवसापेक्षा उंच असू शकते. कयाकसुद्धा झाडाला बांधूनच झोपावे. १९८१ पासून जागतिक वारसा असलेले स्गांग ग्वाय या तिथल्याच बेटावरील हैदा या मूळ रहिवासी लोकांचे कोरीव लाकडी खांब मात्र आवर्जून पाहावेत.